मध्येच बंद पडणारा सेट : दोष शोधावा कसा?

व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरचे येणारे-जाणारे आजार

भीमजयंती असो, वर्षावासाची सांगता असो, की वस्तीतल्या लग्नाची हळद असो, गाण्याशिवाय आपला कार्यक्रम पुरा होत नाही. गाणे म्हटले की पेटी, ढोलकी आणि बेंजो आले, आता गिटारही आली, आणि या सगळ्यांचा आवाज शेवटच्या रांगेतल्या आजीपर्यंत पोहोचवणारा सेट आला. गायक आजारी पडला तर कोरसमधला दुसरा उभा राहतो. सेट आजारी पडला तर सगळी पार्टीच मुकी होते.

सेट कायमचा बंद पडला तर एका अर्थी बरे असते. मेकॅनिककडे नेला की दोष समोर दिसतो. खरा छळ करतो तो येणारा-जाणारा दोष. सेट घरी दोन तास चांगला वाजतो आणि स्टेजवर तिसऱ्याच गाण्याला खरखरतो. टेम्पोत घालून दुकानात न्यावा, तर मेकॅनिक म्हणतो, "दादा, इथं तर तुमचा सेट झकास वाजतोय!" पैसे देऊन परत आणावा, तर पुढच्या कार्यक्रमात पुन्हा तेच. मग कोणी म्हणते सेटला नजर लागली, कोणी म्हणते सेटच अपशकुनी आहे. एखादा मेकॅनिक सगळे व्हॉल्व्ह बदलायला सांगतो आणि पार्टीची दोन कार्यक्रमांची बिदागी त्यातच जाते.

या लेखात सांगायचे ते एवढेच : येणाऱ्या-जाणाऱ्या दोषालाही कारण असते. दोष ज्या परिस्थितीत येतो ती परिस्थिती ओळखली की कारण हाती लागते. कारण काढले की दोष जातो. तथागतांचा कार्यकारणभाव मानणाऱ्या आपल्या घरांना हे नवे नाही.

व्हॉल्व्हचा सेट अजून कशाला?

लोककवी वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांच्या पिढीने गावोगाव गाणी नेली, तेव्हाचे अ‍ॅम्प्लिफायर व्हॉल्व्हचे असत. व्हॉल्व्ह म्हणजे आतली हवा काढून घेतलेली काचेची नळी. तिच्यातला फिलामेंट, म्हणजे हीटर, तापला की विजेचे कण सुटतात आणि माईककडून आलेला बारीक आवाज मोठा होतो. बंगलोरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कारखान्यात १९६१ पासून रेडिओचे व्हॉल्व्ह तयार होऊ लागले. पुढे ट्रान्झिस्टर आले, सेट हलके आणि स्वस्त झाले आणि व्हॉल्व्ह मागे पडले.

पण संपले नाहीत. जुना सेट कुणाच्या माळ्यावर, कुणा मंडपवाल्याच्या गोदामात असतोच. शिवाय गिटार वाजवणारे आजही व्हॉल्व्हचाच अ‍ॅम्प्लिफायर मागतात. जोरात वाजवले की व्हॉल्व्हचा आवाज फाटतो, पण गोड फाटतो, कानाला टोचत नाही. लंडनच्या जिम मार्शल यांनी १९६२ मध्ये आपला पहिला अ‍ॅम्प्लिफायर विकायला काढला तो व्हॉल्व्हचाच होता. आपला बेंजो हा जपानच्या ताइशोगोतो या वाद्याचा वंशज. त्याच्या तारांखाली पिकअप बसवला की तोही गिटारसारखाच अ‍ॅम्प्लिफायरला जोडता येतो. म्हणून पुढे सांगितलेले गिटारवाल्याला आणि बेंजोवाल्याला सारखेच लागू आहे.

आधी जीव, मग सेट

हे वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. व्हॉल्व्हच्या सेटमध्ये ३०० ते ४५० व्होल्टचा डी.सी. दाब असतो. घरातल्या २३० व्होल्टच्या करंटपेक्षा तो जास्त जीवघेणा ठरू शकतो. आणि पिन काढली तरी तो लगेच जात नाही. मोठ्या फिल्टर कंडेन्सरमध्ये तो बराच वेळ साठून राहतो. सेट बंद आहे म्हणून हात घालणारा माणूस दगावू शकतो.

ज्याला मीटर वापरता येत नाही त्याने सेटचे झाकण उघडू नये. बाहेरून करायच्या तपासण्या पुढे दिल्या आहेत, त्यातच निम्मे काम होते. ज्याला काम येते त्यानेही पिन भिंतीतून पूर्ण काढावी आणि काही मिनिटे थांबावे. मग दहा हजार ओहमचा, दहा वॅटचा रेझिस्टन्स इन्सुलेशन असलेल्या वायरीने कंडेन्सर आणि चॅसीच्या मध्ये दहा-पंधरा सेकंद धरून साठा उतरवावा. शेवटी मीटर लावून दाब दहा व्होल्टच्या खाली गेल्याची खात्री करावी. स्क्रू ड्रायव्हरने ठिणगी पाडू नये. ओल्या जमिनीवर, अनवाणी आणि एकट्याने हे काम करू नये. लेकरे जवळ असताना तर मुळीच नाही.

दुसरी गोष्ट अर्थिंगची. आवाजात गुणगुण येते म्हणून काही जण थ्री-पिनची अर्थची वायर कापून टाकतात. गुणगुण थांबते, पण गिटारच्या तारा थेट सेटच्या चॅसीला जोडलेल्या असतात. आत कुठे करंट उतरला, तर एक हात तारेवर आणि ओठ माईकला लागलेला वादक त्या करंटच्या वाटेत उभा असतो. अर्थ कधीही कापू नये.

तिसरी फ्यूजची. अधूनमधून फ्यूज उडणे हाही येणारा-जाणारा दोषच आहे. रेक्टिफायर किंवा पॉवर व्हॉल्व्ह आतून शॉर्ट होत असल्याची ती सूचना असते. त्या जागी तांब्याची जाड तार घातली, तर फ्यूजऐवजी ट्रान्सफॉर्मर जळतो.

दोष सेटच्या आत की बाहेर?

सेटवर आळ घेण्याआधी बाहेरचे तपासावे. गिटारची किंवा माईकची लीड प्रत्येक कार्यक्रमात गुंडाळली जाते, तुडवली जाते, ओढली जाते. पिनच्या तोंडाशी वायर आतून तुटलेली असते आणि वरून धडधाकट दिसते. सेट चालू करून, आवाज बारीक ठेवून, लीड दोन्ही टोकांना हळूहळू वाकवून पाहा. खरखर आली तर चोर सापडला. दुसरी लीड लावून खात्री करा. मग वाद्य बदलून पाहा. मग तीच लीड दुसऱ्या इनपुटला लावा.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम कधी मोडू नका. लीड, माईक आणि व्हॉल्व्ह एकदम बदलले आणि सेट चालला, तर कोण दोषी होते ते कळत नाही. चांगली वस्तू फेकली जाते आणि वाईट पिशवीत परत जाते.

स्पीकरच्या वायरीकडे सर्वांत आधी लक्ष द्या. ट्रान्झिस्टरचे बहुतेक सेट स्पीकर सुटला तर नुसते गप्प बसतात. व्हॉल्व्हच्या सेटचे तसे नाही. स्पीकरशिवाय तो जोरात चालला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये दाब प्रचंड वाढतो आणि ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. म्हणजे स्पीकरच्या वायरीतला लूज कॉन्टॅक्ट हा नुसता खरखरीचा प्रश्न नसून सेटच्या आयुष्याचा प्रश्न आहे. वायर जाड घ्या, टोके घट्ट आवळा. नुसती पिळून, टेप गुंडाळून ठेवू नका.

ऊन, धक्का, ओल आणि व्होल्टेज

बाहेर सगळे ठीक असेल तर दोष आत आहे. आता विचारायचे : तो केव्हा येतो? परभणी जिल्ह्यात याची चार उत्तरे पुन्हा पुन्हा मिळतात.

पहिले ऊन. चौदा एप्रिलच्या सुमारास आपल्याकडे पारा चाळीसच्या पुढे जातो. व्हॉल्व्हचा सेट स्वतःच भट्टीसारखा तापतो, त्यात मंडपातली गरमी. थंड असताना ठीक आणि वीस-पंचवीस मिनिटांनी बिघाड, असे असेल तर तापल्यावर प्रसरण पावून उघडणारा सोल्डरचा जोड, जुना कार्बन रेझिस्टन्स किंवा गळणारा कंडेन्सर यांवर संशय घ्यावा. दुकानात सेट दोन मिनिटे वाजवून "ठीक आहे" म्हणणाऱ्याला हा दोष कधीच सापडणार नाही. सेट तासभर वाजवूनच पाहावा लागतो.

दुसरा धक्का. परभणीहून जिंतूर किंवा गंगाखेडच्या आडगावाला टेम्पोतून सेट नेताना खड्डे काय करतात ते सर्वांना ठाऊक आहे. ट्रान्सफॉर्मर जड असतो, तो हादरतो आणि जोड सैल होतात. व्हॉल्व्ह सॉकेटमधून किंचित वर उचलले जातात. ढोलकीच्या थापेबरोबर खरखर येते का ते ऐका. येत असेल तर दोष धक्क्याचा आहे.

तिसरी ओल. पावसाळ्यात कार्यक्रम कमी, सेट कोपऱ्यात पडून. सॉकेटच्या पिनांवर गंज चढतो, काळ्या मातीची बारीक धूळ ओल धरते आणि तिच्यातून करंट झिरपतो. दसऱ्याला सेट काढला की सुरुवातीला खरखरतो आणि तापून ओल उडाली की सुधारतो. हा दोष उन्हाच्या दोषाच्या बरोबर उलटा वागतो, हे ध्यानात ठेवा.

चौथे व्होल्टेज. शेतीपंप चालू झाले की गावातले व्होल्टेज उतरते. बहुतेक व्हॉल्व्हच्या हीटरला ६.३ व्होल्ट लागतात. लाइन २३० वरून १८० वर आली, तर हीटरला सुमारे ४.९ व्होल्टच मिळतात. व्हॉल्व्ह अर्धवट तापतो, आवाज बसतो आणि फाटतो. सेटमध्ये काहीच बिघडलेले नसते. म्हणून आवाज बसला की आधी लाइनला मीटर लावा. सेटचा लोड पेलेल असा स्टॅबिलायझर नेहमी बरोबर ठेवा.

एक वही घाला आणि प्रत्येक वेळी लिहा : तारीख, गाव, सेट चालू केल्यापासून किती मिनिटांनी दोष आला, ऊन होते की पाऊस, व्होल्टेज किती, काय ऐकू आले. पार्टीतला शाळेत जाणारा मुलगा किंवा मुलगी हे काम आनंदाने करेल. चार-पाच नोंदी झाल्या की दोषाची सवय कागदावर दिसू लागते. अशी वही मेकॅनिकपुढे ठेवली की त्याचे निम्मे काम होते, आणि "सगळेच बदला" असे सांगणेही त्याला अवघड जाते.

कान हेच पहिले मीटर

गाणाऱ्या माणसाचा कान तयार असतो. तोच इथे कामाला येतो.

आवाज झटकन जातो आणि झटकन येतो : आवाजाच्या वाटेवरचा जोड सुटतो आहे. जॅक, सॉकेट, ड्राय सोल्डर तपासा.

आवाज दहा-वीस सेकंदांत हळूहळू विझतो आणि तसाच हळूहळू परत येतो : एखाद्या व्हॉल्व्हच्या हीटरचा कॉन्टॅक्ट तुटतो आहे. हीटर थंड व्हायला आणि पुन्हा तापायला वेळ लागतो म्हणून असे होते. अंधारात मागून पाहा, एका व्हॉल्व्हची लाली गेलेली दिसेल.

गुणगुण येते : आपली वीज ५० सायकलची. ५० सायकलची खोल गुणगुण असेल तर लीडचे शील्ड तुटले आहे, अर्थ नीट नाही किंवा व्हॉल्व्हमध्ये हीटरचा करंट झिरपतो आहे. १०० सायकलची असेल तर बहुधा फिल्टर कंडेन्सर सुकले आहेत. या दोन सुरांत बरोबर एका सप्तकाचा फरक असतो. पेटी वाजवणाऱ्याला तो मीटरशिवाय कळेल.

काहीही जोडलेले नसताना तव्यावर तेल तडतडावे तसा आवाज : पहिल्या टप्प्यातल्या व्हॉल्व्हच्या प्लेटला जोडलेला रेझिस्टन्स जुना झालेला असतो. अनेक सेटमध्ये तो एक लाख ओहमचा असतो. त्या जागी मेटल फिल्मचा, एक वॅटचा घालावा.

व्हॉल्व्हवर टिचकी मारली की घंटेसारखा आवाज : आतले भाग सैल झाले आहेत. तो व्हॉल्व्ह पहिल्या टप्प्यात चालणार नाही.

आणि एक खूण डोळ्यांची. पॉवर व्हॉल्व्हमधली राखाडी प्लेट लालभडक होऊ लागली, तर गाणे कितीही रंगात असो, सेट त्याच क्षणी बंद करा. बायस गेलेला आहे किंवा कपलिंग कंडेन्सर गळून डी.सी. पुढे जातो आहे. आणखी काही मिनिटांत व्हॉल्व्ह जाईल आणि कदाचित ट्रान्सफॉर्मरही.

घर सापडले, आता खोली शोधा

दोष कुठल्या भागात आहे हे व्हॉल्यूमच्या बटणावरून कळते. खरखर चालू असताना व्हॉल्यूम पूर्ण कमी करा. खरखर गेली तर दोष व्हॉल्यूमच्या आधीच्या भागात आहे. तशीच राहिली तर नंतरच्या. एका बटणाने अर्धा सेट निर्दोष ठरला! फक्त बटण फिरवतानाच खरखर येत असेल, तर कंट्रोलमध्येच कार्बन-धूळ साठली आहे. कॉन्टॅक्ट क्लीनरने तो साफ होतो. खोबरेल तेल किंवा रॉकेल घालू नका. ते धूळ धरून ठेवते.

पुढे व्हॉल्व्हची पाळी. पहिल्या टप्प्यात बहुधा ईसीसी ८३ जातीचे एकसारखे दोन-तीन व्हॉल्व्ह असतात. सेट बंद करा, थंड होऊ द्या आणि दोघांच्या जागांची अदलाबदल करा. दोष व्हॉल्व्हबरोबर सरकला तर व्हॉल्व्ह वाईट. जागेवरच राहिला तर सॉकेट किंवा त्याच्या आसपासचा जोड वाईट. फक्त एकाच नंबरच्या व्हॉल्व्हची अदलाबदल करावी. ईएल ३४ च्या जागी दिसायला सारखा दुसरा कुठलाही बसवू नये.

सॉकेटच्या पकडी सैल झाल्या की व्हॉल्व्ह हलवताच खरखर येते. पिन काढून, साठा उतरवून, बारीक सुईने पकडी किंचित आवळाव्यात. व्हॉल्व्हच्या पिना क्लीनर लावलेल्या कापडाने पुसाव्यात.

एवढ्यानेही दोष सापडला नाही, तर जाणकाराने झाकण उघडावे. बांबूची सुकी कामटी घ्यावी, एक हात पाठीमागे ठेवावा आणि चालू सेटमधले जोड एकेक करून हलकेच दाबत जावे. ज्या जोडाला स्पर्श करताच खरखर येते किंवा थांबते, तोच गुन्हेगार. धातूचे काहीही आत नेऊ नये. ड्राय सोल्डर नुसता वरून तापवू नये. सेट बंद करून, साठा उतरवून, जुना सोल्डर काढावा, तार स्वच्छ करावी आणि नवा द्यावा. गरमीचा दोष असेल तर केस वाळवायच्या यंत्राने लांबून एकेक भाग गरम करून पाहावा.

दुरुस्तीनंतर पहिल्यांदा सेट चालू करताना सिरीज बोर्ड लावावा, म्हणजे सेटबरोबर सिरीजमध्ये शंभर वॅटचा साधा पिवळा बल्ब. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर बरे. लख्ख पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे. बल्ब जळतो, सेट वाचतो. पण ही तपासणी सुरुवातीपुरतीच, कारण बल्ब लावल्यावर सेटला पुरे व्होल्टेज मिळत नाही.

शेवटी सेट तासभर पूर्ण आवाजात वाजवावा, थोडा हादरवावा आणि मगच दोष गेला असे म्हणावे. एकदा चालला म्हणजे बरा झाला असे नव्हे.

कार्यक्रमाच्या दिवशी

ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम लागू झाल्यापासून उघड्यावर लाउडस्पीकर रात्री दहाला बंद करावा लागतो. मोजक्या दिवशी सरकार बारापर्यंत सवलत देते तेवढीच. पूर्वी सेट अर्धा तास बंद पडला तर पहाटे भरून काढता येई. आता गेलेला अर्धा तास परत येत नाही. बिदागीही कापली जाते आणि पुढच्या वर्षीचे आमंत्रणही.

म्हणून सेट दुपारीच मांडावा आणि तासभर तापू द्यावा. मागे भिंत किंवा पडदा नको, हवा खेळली पाहिजे. दोन जादा लीड, योग्य नंबरचे चार फ्यूज, तपासलेला एक ईसीसी ८३ आणि मीटर, एवढे पेटीत असावे. टेम्पोत सेट गोधडीवर ठेवावा. पावसाळ्यात तो महिन्यातून एकदा अर्धा तास चालू करावा, म्हणजे ओल उडते. घरातल्या माउलीने झाडताना सेटवर कापड टाकले तरी आयुष्य वाढते. झाकलेला सेट चालू मात्र कधीच करू नये.

हा हुन्नर शिकण्यासारखा आहे

व्हॉल्व्हचे काम जाणणारे जुने मेकॅनिक आता थोडे उरले आहेत. व्हॉल्व्ह आज मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमध्ये बनतात. ते महाग पडतात. म्हणून न बदलता दोष शोधून देणाऱ्याला किंमत आहे. आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड असतो. त्यात व्हॉल्व्ह फारसा शिकवत नसतील, पण मीटर धरणे, सोल्डर करणे आणि नकाशा वाचणे ही तीन कामे तिथे पक्की होतात. बाकीचे जुन्या मेकॅनिकच्या शेजारी बसून शिकावे. मुलींनीही शिकावे. बारीक सोल्डरला स्थिर हात लागतो आणि धीर लागतो.

आणि ज्याला हे साधले त्याला मिक्सर, इन्व्हर्टर, टी.व्ही., नवा डिजिटल सेट यांतलेही येणारे-जाणारे दोष शोधता येतील, कारण रीत तीच. केव्हा येतो ते लिहा. बाहेरचे आधी तपासा. एका वेळी एकच बदला. अर्धे वगळा, उरलेल्याचे पुन्हा अर्धे करा. आणि दोष मुद्दाम आणता आणि घालवता आला की समजा, तो तुमच्या हाती लागला आहे.